देवरावांचा टॅग

“आज तरी बसाले भेटन ना बोटीत?” वसुंधराबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता त्या कणकेच्या दिव्यांना आकार देत राहिल्या. हा प्रश्न त्यांनी उन्हाळ्यापासून इतक्या वेळा विचारला होता की आता तो सवयीनंच तोंडातून निघत होता.

“भेटन म्हणजे काय? भेटनच!” देवराव गिऱ्हेपुंजे म्हणाले. “काल मी सोता टेस्टिंग करून आलो. रात्रभर चार्जिंग झाली असन. आता बोट काय, जहाज चालन.”

रिकाम्या घरात त्यांचा आवाज चांगलाच घुमला. कोहक्यातल्या त्या घरात आता उरलं होतं काय? शेजारून आणलेली एक गादी, चहापुरती भांडी, प्रवासाच्या पिशव्या आणि ही दोन म्हातारी माणसं. बाकी सगळा संसार काल ट्रकमध्ये बसून पुण्याला निघून गेला होता. मुलगा अभिनव तिकडे उंच इमारतीत राहत होता आणि आईबापांनी आता एकटं राहायचं नाही, असा त्यानं धोशाच लावला होता. उद्या सकाळी दुर्गहून गाडी. म्हणजे भिलाईतली ही शेवटची संध्याकाळ, आणि ती नेमकी कार्तिक पौर्णिमेची.

वसुंधराबाईंचं माहेर पवनीचं. तिथे कार्तिक पौर्णिमेला बायका डोंग्यात बसून वैनगंगेच्या मधोमध जात आणि दिवे सोडत. काठावरून सोडलेला दिवा काठालाच येऊन लागतो, मधात सोडलेलाच पुढे जातो, असं त्यांची आई म्हणायची. लग्न होऊन वसुंधराबाई भिलाईला आल्या त्या मात्र काठावरच राहिल्या. सेक्टर दहाच्या क्वार्टरात होत्या तेव्हाही दर वर्षी त्या कुठल्या ना कुठल्या तलावाच्या पायरीवरून दिवा सोडत, आणि दर वर्षी तो दिवा फिरून त्यांच्याच पायाशी येई. “पुढच्या साली बोटीत जाऊ,” असं देवराव म्हणायचे. पुढच्या साली सेकंड शिफ्ट निघायची, त्याच्या पुढच्या साली शटडाऊन. रिटायर झाल्यावर शिफ्ट संपली, पण तोवर ‘पुढच्या साली’ म्हणायची जिभेला सवय लागली होती.

मग यंदा अक्षय तृतीयेला कोहक्याच्या ज्येष्ठ मराठी मंडळानं तलावासाठी बॅटरीवर चालणारी एक बोट घेतली. वर छत, आत बाकडी, मागे गुळगुळीत आवाज करणारी मोटर. मंडळातले झाडून सगळे पोलाद कारखान्यातून रिटायर झालेले. नाव काय ठेवायचं यावर त्यांचं जुंपलं, तेव्हा वसुंधराबाई हळूच म्हणाल्या, “वैनगंगा ठेवा ना.” आणि ठेवलं. नारळ फुटला, पहिला मान वसुंधराबाईंना मिळाला. त्यांनी पदर खोचून एक पाय उचलला, तो बोटीत पडणार एवढ्यात देवराव ओरडले, “थांब! पाय खाली ठेवू नको!”

बाई एका पायावर उभ्या. 

देवरावांना वायर दिसली होती. बोटीची बॅटरी चार्ज करायला रामाजींनी मारुतीच्या देवळातल्या बोर्डातून वायर ओढली होती. ती कुठे लाल, कुठे काळी, मधे मधे गाठी, गाठींवर टेप आणि टेपवर प्लास्टिकची पिशवी. तशीच पाण्यातून डुबक्या मारत ती बोटीपर्यंत गेली होती. रामाजी म्हणजे कारखान्यातले जुने क्रेनवाले आणि आता बोटीचे कप्तान. ते म्हणाले, “काही नाही होत देवरावभाऊ. कडेले हात लावला तं थोड्याशा झिणझिण्या येते. गुडघ्याले चांगलं असते ते.”

“गुडघ्याले?” देवरावांचा आवाज चिरकला. “अबे, पाणी अन् करंट! माणूस जागच्या जागी जाईन!”

इथे हसण्यासारखं काही नव्हतं, हे फक्त वसुंधराबाईंना ठाऊक होतं. देवरावांचे मोठे भाऊ गावच्या विहिरीवर मोटर चालू करायला गेले, ते परत आलेच नाहीत. ओल्या पायांनी उभे होते. देवराव तेव्हा शाळेत जात होते. त्या दिवसापासून पाणी आणि वीज एकत्र दिसली की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. कारखान्यात ते इलेक्ट्रिकल फोरमन झाले, नव्या पोरांचे सेफ्टीचे क्लास घेऊ लागले, आणि त्यांच्या हाताखाली कोणाला साधा चटकाही बसला नाही. कुठल्याही कामाआधी स्विचवर ते आपल्या नावाचा लाल टॅग लटकवत, म्हणून लोक त्यांना मागून ‘टॅगराव’ म्हणायचे. म्हणेनात का.

तर वसुंधराबाईंचा पाय परत काठावर आला आणि बोटीचं काम देवरावांनी हातात घेतलं. आता हे काम दोन दिवसांचं. पण नाकापेक्षा मोती जड, तशी गोष्ट झाली. त्यांनी घाटावर खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा भरून पक्की अर्थिंग केली. मग सिमेंटचा खांब उभारला. मग खांबावर पाणी न शिरणारा बॉक्स आला, बॉक्सात जरासा करंट कुठे पाझरला तरी लाईन तोडणारा ट्रिपर आला, जाड केबल आली, तलावाचं पाणी वरखाली झालं तर ताण पडू नये म्हणून केबलला ढील आली. पावसाळ्यात काम थांबलं. पावसाळ्यानंतर देवरावांना खांब कललेला वाटला म्हणून तो काढून परत गाडला. “मी ओके म्हणीन तवाच बोट हालन,” असा हुकूम होता. घाटावर त्यांनी एक पाटीही रंगवून लावली: सूर्यास्तानंतर नौकाविहार सक्त मना आहे. बोट उन्हाळ्यापासून तशीच बांधलेली, आणि पाटी आधी तयार!

रामाजींना त्यांनी केबल जोडायचा नियम पाठ करायला लावला. “आधी बोट, मंग काठ. काढताना आधी काठ, मंग बोट.”

“कावून?”

“कावून म्हणजे? आधी काठाले जोडली तं जित्ता करंट हातात घेऊन तू पाण्यावर चालशीन. हातातली केबल सदा मेलेली पाह्यजे. समजलं?”

“समजलं जी,” रामाजी म्हणाले आणि दिवसभर ते ‘आधी बोट, मंग काठ’ असं आरतीसारखं म्हणत हिंडले.

काल दुपारी काम संपलं. शेवटचं टेस्टिंग करताना कोणी चुकून स्विच दाबू नये म्हणून देवरावांनी बॉक्सच्या स्विचला कुलूप ठोकलं आणि त्यावर आपला जुना लाल टॅग लटकवला. कारखान्यातला रिवाजच तो. टॅगवर लिहिलेलं होतं: ‘माणूस काम करून राहिला. स्विच चालू करू नये. देवराव गिऱ्हेपुंजे.’ टेस्टिंग उत्तम झालं. देवराव कुलूप काढायला खिशात हात घालणार तोच घरून फोन आला: ट्रक आला, हमाल खोळंबले, आणि तुमचं कपाट कोण रिकामं करणार? देवराव तसेच पळाले. पळता पळता वाटेत भेटलेल्या रामाजींना ओरडले, “ओके आहे! रात्री चार्जिंगले लावून दे!” झालं. ट्रक भरण्यात दिवस मावळला.

तर आज संध्याकाळी घाटावर सगळी मंडळी जमली. रामाजींनी बोटीला विजेच्या दिव्यांची झालर लावली होती, झेंडूच्या माळा लावल्या होत्या. वसुंधराबाई मोतिया रंगाची साडी नेसून, दिव्यांचं ताट घेऊन आल्या. सिंधुताई, त्यांची पहिल्या क्वार्टरापासूनची शेजारीण, कुंकवाचा करंडा घेऊन मागे होत्या. दोघी बोटीत बसल्या. वसुंधराबाईंनी बाकड्यावरून हात फिरवला आणि छान हसल्या. देवराव काठावर ऐटीत उभे. “चला कप्तान,” ते म्हणाले, “करा सुरू.”

रामाजींनी बटण दाबलं. परत दाबलं. मग मोटरीला हात जोडले आणि दाबलं. बोटीनं हूं की चूं केलं नाही.

“चार्जिंग नाही झाली वाटते,” रामाजी म्हणाले.

“कावून नाही झाली? मी सांगून गेलो होतो ना!”

“सांगतलं होतं ना बा. पण इथं येऊन पाह्यलं तं तुमचा टॅग लटकून. कुलूप भी होतं.”

देवरावांनी खांबाकडे पाहिलं. लाल टॅग वाऱ्यावर आरामात डुलत होता. 

“अबे मंग मले फोन करा लागत होता!”

“केला ना! वहिनीनं उचलला. म्हणे, ते कामात आहेत. मीनं टॅग पाह्यला, त्याच्यावर भी तेच लिहून, माणूस काम करून राहिला. म्हटलं पक्कं झालं. काम चालू आहे तं आपण कायले मधात हात घालाव? तुमीच शिकवलं, ज्याचा टॅग त्यानंच काढाव.”

शिकवलं तर होतंच. देवरावांनी खिसे चाचपले. अंगात पांढरा सदरा. किल्ली कालच्या खाकी शर्टात, आणि खाकी शर्ट ट्रकमध्ये. त्यांनी ट्रकच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, “अंकल, इतने डब्बे हैं, कौन सा खोलूँ? और मैं तो नागपूर कब का पार कर गया.” बोटीत बसलेल्या वसुंधराबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“कुलूप तोडा,” देवराव म्हणाले.

घाटावरचा एकही माणूस हलला नाही. रामाजींच्या थैलीत लोखंड कापायचा हॅकसॉ होता. रिटायर झाले म्हणून काय झालं, त्यांची थैली काही रिटायर झाली नव्हती. पण ते दोन पावलं मागे सरले. “ना बा. दुसऱ्याचं कुलूप मी नाही तोडत.”

“दुसऱ्याचं कुठं? माह्यं आहे! मी सांगून राहिलो ना!”

“तुमचं आहे तं किल्लीनं खोला. किल्ली नसन तं खातेप्रमुखाची परमिशन पाह्यजे. हे भी तुमीच शिकवलं. मीनं त्या क्लासात झोपलो तं तुमी मले उभं केलं होतं, आठवते का?”

मागच्या दोघाचौघांनी माना डोलावल्या. त्यांनाही उभं केलेलं होतं. उभ्या आयुष्यात ज्यानं त्यांना कायदा पाजला, तोच आज कायदा मोडा म्हणत होता, आणि ही संधी कोण सोडणार? खरं तर त्यांच्या मनात खोट नव्हती. भिलाईच्या माणसाला तुम्ही देवळातला नैवेद्य उचलायला सांगा, एखाद वेळ उचलेल. पण दुसऱ्याचा टॅग? छे!

मग खातेप्रमुखांचा शोध सुरू झाला. श्यामराव साहेब, देवरावांचे जुने वरिष्ठ, मंडळाचे अध्यक्ष. ते दुर्गच्या मोहन नगरात पुतणीच्या लग्नात होते. फोनवर परवानगी चालेल का, असं देवरावांनी विचारलं. साहेब गरजले, “फोनवर? देवराव, तुम्ही विचारून राहिले हे? जागेवर पाहिल्याशिवाय मी कुलपाला हात लावू देणार नाही. येतो मी!”

साहेब आले तेव्हा सूर्य झाडांवर टेकला होता. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळी अक्षता. वरात सोडून आले होते बिचारे. त्यांनी बॉक्सला एक फेरी मारली आणि कंबरेवर हात ठेवले. “लाईनवर कोणी माणूस आहे?”

“नाही साहेब.”

“टॅग कोणाचा आहे?”

“माहाच, साहेब.”

“मग तुम्ही लाईनवर नाही, हे कोण सांगेल?”

“साहेब, मी तुमच्या समोर उभा आहे ना!”

“ते दिसते मला. पण प्रोसिजर आहे ना? हजेरी घ्या.”

हजेरी झाली. घाटावरच्या प्रत्येकानं आपलं नाव सांगितलं. बोटीतून सिंधुताई ओरडल्या, “आमी दोघी भी हाजर आहो! पण दिवस कुठं हाजर आहे? तो तं चालला!” वसुंधराबाईंनी त्यांना हातानं गप्प केलं. त्या सूर्याकडे पाहत होत्या.

कुलूप देवरावांनी बाजारातून पारखून आणलं होतं, सगळ्यांत मजबूत. रामाजींचा हॅकसॉ त्यावर किरकिरत राहिला, दम घेत राहिला. शेवटी एकदाचं कुलूप तुटलं. रामाजींनी केबल जोडली, आधी बोट, मग काठ. देवरावांनी स्वतः टॅग काढला, बॉक्स उघडला, स्विच वर केला. खट्ट! ट्रिपर पडला.

परत वर केला. खट्ट!

आणि आश्चर्य म्हणजे देवरावांचा चेहरा खुलला. “पाह्यलं का साहेब? काम करते! कुठंतरी करंट पाझरून राहिला, अन् यानं पकडला! हा नसता तं आता बोटीतल्या बाया...” त्यांनी बोटीकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं.  “उतरा! दोघी उतरा आधी!”

सिंधुताई उतरल्या. वसुंधराबाई उतरल्या नाहीत. “स्विच तं पडला ना?” त्या म्हणाल्या. “मंग करंट कुठून येईन? मी बसते इथंच. तुमी पाहा.”

पाहिलं. घाम गाळून पाहिलं. अर्थिंग पाहिली, केबल पाहिली, प्लग पाहिला. दोष निघाला रामाजींच्या झालरीत. हौसेनं चार्जरच्याच लाईनवर जोडलेल्या झालरीचं शेपूट बोटीच्या मागे पाण्यात लोंबत होतं आणि तिथले दिवे पाणी पिऊन बसले होते. झालर ओरबाडून काढली. स्विच वर गेला आणि वरच राहिला. चार्जरवर लाल दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामराव साहेब फेटा सावरत लग्नाला परत गेले.

“किती वेळ लागन आता?” सिंधुताईंनी विचारलं.

“फुल होयाले?” रामाजी खाली पाहत म्हणाले. “सकाळ होईन.”

टाळ्या थांबल्या. देवराव चार्जरच्या लाल दिव्याकडे पाहत राहिले. सकाळी गाडी होती.

“थोडीशी झाली तं चालव ना रामाजी,” वसुंधराबाई म्हणाल्या. “मधापर्यंतच जाऊ.”

“अन् मधात बंद पडली तं?” हे देवरावच. “अर्ध्या बॅटरीवर बोट सोडणं बरोबर नाही. थोडं थांब.”

त्या थांबल्या. आयुष्यभराचा सराव होता. लाल दिवा लाल राहिला आणि सूर्य खाली खाली गेला. मग शेजारच्या पायरीवर जाळं वाळत घालणाऱ्या केवलरामकडे त्यांचं लक्ष गेलं. केवलराम तलावात मासे धरायचा. त्याचा स्वतःचा डोंगा गळका होता, काठावर पालथा पडला होता, पण त्याचा लांब बांबू त्याच्या बाजूला उभा होता.

“का गा केवलराम,” त्या म्हणाल्या, “तुह्या बांबूनं हे बोट नाही का चालत?”

“काबर नइ चलही दाई?” केवलराम त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला आणि हसला. “बांबू ल का पता, बोट बैटरी के हे के लकड़ी के?”

तो उठलाच. बांबू घेऊन पायरीवरून बोटीवर चढला. सिंधुताई परत लगबगीनं आत बसल्या. रामाजींनी दोर सोडला. केवलरामनं बांबू टेकून रेटा दिला, बोट सुटली, डुलली, जरा पुढे गेली आणि थबकली. केबल ताणली होती. देवरावांनी हिशेबानं ठेवलेली ढील तिथे संपली होती.

“चार्जिंगले लावलेली बोट हालवता येत नाही,” देवराव म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

वसुंधराबाईंनी वळून पाहिलं. रागानं नव्हे. रागावल्या असत्या तर देवरावांना बरं वाटलं असतं. “सोडा ना जी,” त्या म्हणाल्या.

देवराव खांबाजवळ गेले. स्विच बंद केला. काढताना आधी काठ, मग बोट. त्यांनी काठाचा प्लग उपसला आणि केबलचं टोक रामाजींच्या हाती दिलं. केवलरामनं बोट परत पायरीशी आणली आणि रामाजींनी ते गुंडाळून बोटीत टाकलं.

“या ना तुमी भी,” वसुंधराबाई म्हणाल्या. “जागा आहे.”

देवरावांनी एक पाय उचलला. खरंच उचलला. मग त्यांना मागचा बॉक्स दिसला. कुलूप तुटलेलं, झाकण उघडं, आत जिवंत लाईन. घाटावर बायकापोरं, ओले हात, ओले पाय. कोणी बोट घातलं तर? “बॉक्स उघडा आहे,” ते म्हणाले. “सोडून कसा येऊ? झाकणाले स्क्रू लावतो, तोवर तुमी...”

“बरं,” वसुंधराबाई म्हणाल्या.

बोट गेली. मोटरीचा आवाज नाही, नुसता बांबूचा पाण्यात जाणारा चुळुक चुळुक आवाज. देवराव स्क्रू लावत होते. संध्याकाळच्या उजेडात स्क्रूची खाच दिसेना, की डोळेच भरले होते, कोण जाणे. पेचकस सारखा निसटत होता. शेवटी त्यांनी तो खाली ठेवला, झाकणाला पाठ लावून उभे राहिले आणि तलावाकडे पाहिलं.

मधोमध बोट थांबली होती. वसुंधराबाई वाकल्या. एक दिवा पाण्यावर आला, मग दुसरा, मग ओळच लागली. दिवे काठाकडे आले नाहीत. हलके हलके पलीकडे निघाले. बाई ताठ बसल्या आणि काहीतरी बोलून मोठ्यानं हसल्या. देवरावांनी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. काय बोलल्या असतील, हेही कळेना. ते ऐकायला शेजारी बसायला हवं होतं. आपण सगळ्यांना जिवंत ठेवलं, एवढं त्यांना माहीत होतं. पण त्या जिवंत माणसांबरोबर बसायचं राहून गेलं, हे त्यांना आज, बॉक्सला पाठ लावून, कळलं. फार वाईट वाटलं त्यांना.

बोट काठाला लागली तेव्हा झाकण बसलं होतं. देवराव धावतच पायऱ्या उतरले. “चल वसू! आता मी येतो. केवलराम, एक चक्कर अजून मार बा. आता सगळं सेफ आहे!”

केवलराम बांबू टेकून उभा राहिला आणि त्यानं घाटावरच्या पाटीकडे पाहिलं. सिंधुताईंनीही पाहिलं, आणि त्यांना वाचायची हौस दांडगी. “सूर्यास्तानंतर नौकाविहार सक्त मना आहे,” त्यांनी खडसून वाचलं. “अक्षर कोणाचं आहे वो हे?”

अक्षर कोणाचं आहे, ते सगळ्या घाटाला ठाऊक होतं.

“माह्यंच आहे,” देवराव म्हणाले आणि घरी निघाले.

वाटेत दोघांना ओळखीच्या घरांतून तुळशीपुढचे दिवे दिसत होते. कोपऱ्यावर वसुंधराबाई थांबल्या, त्यांनी पदराची गाठ सोडली आणि देवरावांच्या हातावर काहीतरी ठेवलं. किल्ली होती. कुलपाची.

“हे... हे कुठी भेटली?”

“तुमच्या खाकी शर्टात. काल कपडे भरताना खिसे पाह्यले ना मी. पाहतेच सदा.”

“अवं, मंग तवाच कावून नाही देली? मी तिथं बोंबलत होतो!”

“देणारच होती. तुमी खिसे चाचपले तवा गाठीले हात भी लावला.” वसुंधराबाई हळू चालू लागल्या. “मंग मनात आलं, बॅटरी तं तशी भी मेलेली आहे. किल्ली देली तं हे चार्जर पाहत बसतीन. नाही देली तं एखाद वेळ म्हणतीन, मरो ते चार्जिंग, चल वसू, बांबूनं जाऊ. म्हटलं, पाहू तं एकदा.”

देवराव रस्त्यातच उभे राहिले. 

“चला,” त्या म्हणाल्या. “सकाळी गाडी आहे.”

सकाळी गाडी वेळेवर आली, जशी ती उशीर झालेला हवा असताना नेहमी येते. सिंधुताई स्टेशनवर रडल्या, वसुंधराबाई रडल्या, देवरावांनी सामान कुठे ठेवायचं यावरून हमालाशी वाद घातला, कारण त्यांना रडता येत नव्हतं. गाडीनं राजनांदगाव सोडलं तेव्हा फोन वाजला. रामाजी होते, आणि मागून मोटरीचा गुळगुळीत आवाज येत होता.

“देवरावभाऊ! तुमी गेल्यावर मी रात्री चार्जिंगले लावली होती. फुल झाली बा! काय चालून राहिली, लोण्यावानी! आत्ता तलावाच्या मधातूनच बोलून राहिलो.”

“बरं झालं,” देवराव म्हणाले. “केबल कशी काढली?”

“आधी काठ, मंग बोट.”

“शाबास.”

“एक विचारायचं होतं. तुमचा तो लाल टॅग इथंच खांबापाशी राहून गेला. काय करू? पाठवून देऊ का पुण्याले?”

देवरावांनी खिडकीकडे पाहिलं. वसुंधराबाई बाहेर पाहत होत्या, पण कान इकडेच होते, हे त्यांना आता कळत होतं. “नाही,” ते म्हणाले. “स्विचले नको लावू. स्विच चालू दे, बोट चालू दे. टॅग तेवढा खांबावर वरतं लटकवून ठेव.”

“पण त्याच्यावर लिहून आहे ना, माणूस काम करून राहिला!”

“तं राहिलंच आहे काम. अन् तो कोणी काढाचा नाही. रूल माहीत आहे ना? ज्याचा टॅग, त्यानंच काढाव. मी येऊन काढीन.”

“कधी येता मंग?”

‘पुढच्या साली’ हे शब्द देवरावांच्या ओठांपर्यंत आले. तिथून त्यांनी ते परत नेले. “उन्हाळ्याच्या आत,” ते म्हणाले. “अन् केवलरामले सांगून ठेव. बांबू लागन.”

फोन ठेवून त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप तुटलेलं, आता ती कशाचीच किल्ली नव्हती. ती खिडकीबाहेर टाकावी की ठेवावी, या विचारात ते असताना वसुंधराबाईंनी हात पुढे केला, किल्ली घेतली आणि पदराला गाठ मारली.

“माह्यापाशी राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तुमी विसरता.”